सामना हरला तरी पुढचा शनिवार असतो

१९८९ साली मार्टिन जॉन्सन नावाचा १९ वर्षांचा इंग्लिश मुलगा रग्बी खेळायला न्यूझीलंडला गेला. बोलावणं होतं कॉलिन मीड्स यांचं. मीड्स म्हणजे न्यूझीलंडच्या रग्बीतलं फार मोठं नाव. १९५७ ते १९७१ या काळात ते देशाच्या ‘ऑल ब्लॅक्स’ संघाकडून १३३ सामने खेळले, त्यांत ५५ कसोट्या. आणि हा माणूस शेतकरी. त्यांचा किंग कंट्री हा मुलूख मेंढ्यांचा, कुरणांचा. टे कुइटी हे त्यांचं गाव लोकर कातरण्यासाठी नावाजलेलं. किंग कंट्रीच्या संघाकडून जॉन्सन दोन हंगाम खेळला. १९९० मध्ये न्यूझीलंडनं त्याला स्वतःच्या २१ वर्षांखालील संघात घेतलं आणि ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर नेलं.

पुढं तो मायदेशी परतला. जानेवारी १९९३ मध्ये इंग्लंडकडून पहिली कसोटी खेळला. २२ नोव्हेंबर २००३ रोजी सिडनीत इंग्लंडनं ऑस्ट्रेलियाला २०-१७ असं हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा कर्णधार हाच जॉन्सन होता.

मी हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात क्रीडाशिक्षक आहे. इतकी वर्षं कबड्डी आणि खो-खो शिकवत आलो, आता रग्बीही शिकवतो. जॉन्सनची गोष्ट मी दर वर्षी नव्या पोरांना सांगतो. आमची पोरं हळद काढणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या घरांतली. मोठा खेळाडू शहरातच घडतो असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. विश्वचषक उचलणारा कर्णधार मेंढपाळांच्या मुलखात तयार झाला, हे ऐकलं की त्यांचे कान टवकारतात.

रग्बी आपल्याकडे टीव्हीवर क्वचितच दिसतो, म्हणून थोडक्यात सांगतो. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. याला ‘ट्राय’ म्हणतात, त्याचे ५ गुण. चेंडू हातानं पुढं फेकायला मनाई. पास द्यायचा तो मागं किंवा आडवा. मूळ खेळात प्रत्येक बाजूला १५ जण आणि ८० मिनिटं. २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे तो सात जणांचा प्रकार. त्यात सामना १४ मिनिटांचा.

कबड्डीच्या पोरांना हा खेळ लवकर कळतो. मांडीची पकड त्यांच्या अंगात मुरलेली असते. खाली वाकायचं, खांदा लावायचा, दोन्ही हातांनी पाय आवळायचे, एवढं न शिकवता येतं. शिकवावं लागतं ते दोन ठिकाणी. एक, डोकं समोरच्याच्या गुडघ्यापुढं जाऊ द्यायचं नाही, त्याच्या कुशीला बाजूनं ठेवायचं. दुसरं, गडी खाली पडला की लगेच सोडायचा. कबड्डीत पकड सुटली की गुण गेला. रग्बीत पडलेल्याला धरून ठेवलं की पंच शिट्टी वाजवतात. ज्याला पाडलं त्यानंही चेंडू तिथंच सोडायचा. पाडायचं, सोडायचं, उठून पुन्हा उभं राहायचं. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. म्हणून लहान मुलांना आम्ही आधी कमरेला पट्टी लावून खेळवतो. पट्टी ओढली की गडी पकडला. आणि मोठ्यांना पहिल्याच दिवशी बजावतो: डोक्याला मार बसल्याची नुसती शंका आली तरी मैदानाबाहेर यायचं, त्या दिवशी परत जायचं नाही. जगभरात हौशी रग्बीतला नियम हाच आहे.

परदेशी क्लबमध्ये खेळाडूला नेमकं काय मिळतं? पोरांना वाटतं चांगले बूट, हिरवं मैदान, मोठा प्रशिक्षक. ते मिळतंच, पण मला मोलाचा वाटतो तो हंगाम. न्यूझीलंडमध्ये गावोगावी क्लब आहेत आणि थंडीच्या महिन्यांत दर शनिवारी सामना असतो. मंगळवार-गुरुवारी सराव, शनिवारी सामना. या शनिवारी वाईट खेळलात तर पुढचा शनिवार आहेच. शिवाय तिथला हिवाळा म्हणजे इंग्लंडचा उन्हाळा. इंग्लंडमधला हंगाम संपला की न्यूझीलंडमधला सुरू होतो, म्हणून तरुण खेळाडू पृथ्वीच्या या टोकाकडून त्या टोकाला जातात.

आमच्याकडे काय होतं? शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढत जाते, आणि सामने बाद पद्धतीचे. पहिल्याच सामन्यात हरलं की पोराचं वर्ष संपलं. त्या दिवशी त्याला ताप असेल, आदल्या रात्री शेतात पाण्याची पाळी असेल, पण परीक्षा एकदाच. चूक सुधारायला दुसरा सामनाच नाही. हळद लावल्यापासून काढेपर्यंत आठ-नऊ महिने थांबणारे आम्ही, खेळाडूची पारख मात्र एका दुपारी उरकतो.

हंगाम काय करतो हे मराठी माणसाला पाहायचं असेल तर क्रिकेटमधलं १९९२ आठवावं. यॉर्कशायर हा इंग्लंडमधला क्रिकेटचा जुना काउंटी संघ. आपल्या परगण्यात जन्मलेल्यांनाच घ्यायचं ही त्याची तोपर्यंतची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यांनी पहिला परदेशी खेळाडू घेतला तो सचिन तेंडुलकर. आधी ठरलेला ऑस्ट्रेलियाचा क्रेग मॅकडरमॉट दुखापतीमुळे येऊ शकला नव्हता. सचिनही तेव्हा १९ वर्षांचाच. त्या हंगामात प्रथम श्रेणीच्या १६ सामन्यांत त्यानं १,०७० धावा केल्या. शतक एकच. सिडनी आणि पर्थला कसोटी शतकं ठोकून आलेल्या मुलासाठी हे आकडे डोळे दिपवणारे नाहीत. पण ओलसर हवा, दर सामन्याला वेगळी खेळपट्टी, खांद्यावर आलेली जबाबदारी, आणि घरापासून दूर राहून रोज स्वतःला तयार करणं, हे सगळं त्या १६ सामन्यांत होतं.

बाहेर जायचं म्हणजे नुसतं विमानाचं तिकीट नव्हे, हेही मी पालकांना सांगतो. रग्बीत दुसऱ्या देशात खेळायला जाताना आपल्या राष्ट्रीय संघटनेचं परवानगीपत्र लागतं. व्हिसा खेळण्याचा की कामाचा, दुखापतीचा विमा कोण भरणार, राहण्याची सोय क्लबची की स्वतःची, हे निघण्याआधी कागदावर हवं. हा खेळ १९९५ पर्यंत अधिकृतपणे हौशीच होता. आजही गावच्या क्लबमध्ये बहुतेक जण आठवडाभर नोकरी करून शनिवारी खेळतात. तोंडी शब्दावर पोराला पाठवू नये.

भारतात पाया नाही असं नाही. अखिल भारतीय स्पर्धा १९२४ पासून आहे. आपल्या महिलांनी २०१८ मध्ये १५ जणींच्या खेळात पहिलं आंतरराष्ट्रीय पाऊल टाकलं, पुण्याची वाहबिझ भरूचा त्या संघाची कर्णधार राहिली आहे, आणि २०१९ मध्ये सिंगापूरला २१-१९ असं हरवून पहिला विजय मिळाला. जून २०२५ मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीगचे सामने झाले, तेव्हा परदेशी खेळाडू आपल्या पोरांच्या खांद्याला खांदा लावून खेळले.

पण वसमतच्या मुलाला त्याआधी घराजवळ हंगाम हवा. आमच्या जिल्ह्यात पाच तालुके आहेत: हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत. प्रत्येकाचा एक संघ केला आणि प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा घरी, एकदा त्यांच्या गावी खेळायचं ठरवलं, तर प्रत्येक संघाला आठ सामने मिळतात. सात-सात जणांचा खेळ असल्यानं एका जीपमध्ये संघ मावतो. मैदानं शाळांची आहेत, चुन्याच्या रेषा आम्ही मारू, पंचगिरी आम्ही क्रीडाशिक्षक वाटून घेऊ. दिवाळीनंतर सुरू केलं तर परीक्षेआधी संपतं. आठ सामने खेळलेल्या पोराला पुण्याच्या निवड चाचणीत किंवा परदेशातल्या क्लबच्या मैदानात उभं केलं, तर एका वाईट दिवसानं तो खचणार नाही, कारण वाईट दिवसानंतरचा सामना त्यानं इथंच खेळलेला असेल. यासाठी सरकारी योजनेची वाट पाहायची गरज नाही. पाच तालुक्यांतल्या पाच शिक्षकांनी एकत्र बसून वेळापत्रक लिहिलं की काम सुरू होतं, आणि त्यातला एक मी आहे.