अर्धवट राहिलेला उतारा

२१ सप्टेंबर १९८७. त्या वर्षीचं पंचांग काढून पाहिलं तर पितृपक्ष सरत आलेला, सर्वपित्री अमावस्या तोंडावर. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात एक तरुण पाद्री रानाच्या कडेला गाडी थांबवून खाली उतरतो. हातात फक्त क्रूस. वर्षभरापूर्वी रानापलीकडच्या घरात त्याने एमी मार्टिन नावाच्या मुलीच्या अंगातलं भूत काढण्याच्या विधीत भाग घेतला होता. विधी फसला, माणसं मेली, मुलगी सुटली नाही. आता तो वरिष्ठांची परवानगी नसताना, अर्धं राहिलेलं काम पुरं करायला परत आला आहे. त्याचं नाव जॉन वॉर्ड.

ही ‘फेथ’ या व्हिडिओ गेमची सुरुवात. मेसन स्मिथ या गेमकाराने ‘एअरडॉर्फ’ या नावाने तो केला. पहिला भाग २०१७ साली आला, दुसरा २०१९ साली, आणि तिसऱ्या भागासह सगळा गेम ‘न्यू ब्लड इंटरॅक्टिव्ह’ने २१ ऑक्टोबर २०२२ रोजी बाजारात आणला. तो दिवस मला पक्का आठवतो, कारण ती वसुबारस होती.

बीडजवळच्या मांजरसुंब्यात दिवाळीच्या त्या आठवड्यात रस्ता झोपत नाही. बीडकडून घाट चढून आलेल्या गाड्या इथे फुटतात. काही सरळ धाराशिव-सोलापूरकडे जातात, काही पाटोद्याकडे वळतात, काही केज-अंबाजोगाईकडे. त्यातच ऊसतोडीच्या टोळ्या निघालेल्या असतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पत्रे, शेळ्या, आणि वर गोधडीत गुंडाळलेली पोरं. खिडकीतून त्यांचे दिवे भिंतीवर फिरत होते आणि मी आत बसून जॉनला त्या रानातून पुढे नेत होतो.

गेम दिसायला अगदी साधा आहे. काळी पार्श्वभूमी, मोजके रंग, चौकोनी ठिपक्यांची माणसं. जॉन म्हणजे असाच ठिपक्यांचा एक पुंजका. तो हळू चालतो. त्याला पळता येत नाही. समोरून काही आलं की बटण दाबून क्रूस उगारायचा, एवढंच. एक स्पर्श झाला की खेळ संपला, आणि पडद्यावर लॅटिन शब्द उमटतो, ‘मॉर्टिस’. मृत्यूचा. त्या रानात मायकल नावाचं एक पांढरं फटक ध्यान आहे. ते चार हातापायांवर झाडांमागून धावत येतं. पहिल्यांदा ते आलं तेव्हा क्रूस उगारायला मला अर्धा सेकंद उशीर झाला. त्या अर्ध्या सेकंदासाठी हा गेम खेळावा.

पात्रांचा आवाजही माणसाचा नाही. १९८२ साली घरगुती संगणकांना बोलतं करण्यासाठी ‘सॅम’ नावाचा प्रोग्रॅम निघाला होता, त्याचाच घोगरा, खरखरीत आवाज इथे वापरला आहे. भुताला कोणता आवाज द्यावा, या जुन्या प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. आणि मधूनच ठिपके जाऊन एकदम जिवंत हालचाल दिसते. मान वळते, तोंड उघडतं, कुणीतरी अंगावर झेपावतं. खऱ्या माणसाच्या हालचालीवर एकेक चित्र गिरवून हे दृश्य तयार होतं. या तंत्राला रोटोस्कोपिंग म्हणतात. आमच्या पिढीने ते नाव ऐकण्याच्या कितीतरी आधी पाहिलं आहे. गावोगावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सर बाहेर गेले की जो ‘प्रिन्स’ चालू व्हायचा, तो १९८९ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून तो राजपुत्र चालवला. ‘फेथ’ त्याच घराण्यातला. म्हणूनच बहुधा तो पडदा मला परका वाटला नाही.

पण मला तीन भाग धरून ठेवलं ते जॉन वॉर्डने.

भयकथेत डळमळलेला पाद्री नवा नाही. विल्यम पीटर ब्लॅटीची ‘द एक्झॉर्सिस्ट’ ही कादंबरी १९७१ ची, विल्यम फ्रीडकिनचा चित्रपट १९७३ चा. त्यातला फादर कॅरस हा पाद्रीही आहे आणि मानसोपचारतज्ज्ञही, आणि त्याची श्रद्धा ढासळत चालली आहे. १९७५ साली स्टीफन किंगने ‘सेलम्स लॉट’मध्ये फादर कॅलाहन आणला. पिशाच त्याला म्हणतं, क्रूस टाक आणि नुसत्या विश्वासावर माझ्यासमोर उभा राहा. कॅलाहनला ते धाडस होत नाही. हातातल्या क्रूसाचा उजेड विझतो. नंतर स्वतःच्याच चर्चचं दार त्याला आत घेत नाही, आणि तो बसमध्ये बसून गाव सोडतो. माजी पाद्री म्हणावा तर तो हा. किंगलाही त्याला तिथेच सोडवेना. २००३ साली दुसऱ्या एका कादंबरीत त्याने कॅलाहनला परत बोलावलं.

नारायण धारपांनी ‘सेलम्स लॉट’ची मराठी ‘लुचाई’ केली, ती आपल्याकडे पिढ्यांनी वाचली. धारप हे माझंही पहिलं दैवत. पण मागे वळून पाहताना एक गोष्ट जाणवते. त्यांच्या कथांमधला ‘समर्थ’ येतो तेव्हा वाचक निर्धास्त होतो, कारण समर्थ हरणार नाही. आपल्या भूतकथेतला मांत्रिक बहुतेक वेळा एक तर तारणारा असतो नाही तर लबाड. मनापासून करायला गेला, चुकला, आणि ते चुकणं घेऊन घरी परतला, असा मांत्रिक आपल्या कथेत मला क्वचितच भेटला. गावात मात्र भेटला.

मी लहान असताना आमच्याकडे एक देवऋषी होते. कुणाला ‘बाहेरचं’ झालं की त्यांना बोलावणं जायचं. ते अंगारा लावायचे, उतारा सांगायचे. भात, लिंबू, कुंकू, कधी काळी बाहुली असं तिकटीवर ठेवलं जायचं, आणि आम्हा पोरांना आई बजावायची, ओलांडू नको. एकदा फेफरं येणारी एक मुलगी त्यांच्याकडे आणली. ती बरी झाली नाही. दवाखान्यात नेली तेव्हा फार उशीर झाला होता. त्यानंतर त्यांनी गळ्यातली माळ काढून खुंटीला लावली आणि कुणाकडेही जायचं बंद केलं. त्यांना कुणी बोल लावला नाही. पण त्या मुलीच्या घरावरून जाणारी वाट त्यांनी सोडली ती कायमची. बाजाराला जाताना ते बांधाबांधाने लांबून जायचे. म्हातारपणी, काठी टेकत, पावसाळ्यात चिखलातूनसुद्धा. ते एकदा तरी त्या वाटेने गेले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न मला जॉन वॉर्डने पुन्हा आठवून दिला. जॉन त्याच वाटेने परत गेला.

असा विधी जिवावर बेतल्याची नोंदही खऱ्या जगात आहे. जर्मनीतल्या बव्हेरियात आनेलीजे मिशेल नावाची तरुणी होती. डॉक्टरांनी तिला अपस्मार असल्याचं निदान केलं होतं. १९७५-७६ मध्ये बिशपच्या परवानगीने दोन पाद्र्यांनी तिच्यावर भूत काढण्याचे ६७ विधी केले. १ जुलै १९७६ रोजी ती गेली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, उपासमारीने खंगून. १९७८ साली न्यायालयाने तिचे आईवडील आणि ते दोन पाद्री यांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल दोषी ठरवलं. कुणीही तिचं वाईट चिंतलं नव्हतं. चर्चच्या १९८३ च्या कायद्यातही कलम ११७२ नुसार बिशपची स्पष्ट परवानगी असल्याशिवाय असा विधी करता येत नाही. पण परवानगी होती म्हणून आनेलीजे वाचली नाही.

आपल्याकडे अशा प्रकारांविरुद्ध कायदा व्हायला २०१३ उजाडलं. २० ऑगस्टला पुण्यात या कायद्यासाठी झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला, आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने किंवा साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. हा कायदा मला हवाच होता, आणि आणखी कडक राबवला जायला हवा. पण कायदा विधी थांबवतो. विधी करून चुकलेल्या माणसाच्या आत काय चालतं, तो कप्पा कथेचा आहे. ‘फेथ’चा पहिला भाग त्या कप्प्यात शिरतो, म्हणून मी त्याला मोठी कलाकृती मानतो.

त्यात वाटेवर चिठ्ठ्या सापडतात. वस्तूंपुढे क्रूस धरला की त्या हाती येतात आणि मागची हकीकत तुकड्यातुकड्याने कळते. वाचता वाचता मनात शंका डोकावू लागते. खरंच भूत होतं का? की ती मुलगी आजारी होती? की या जॉनच्याच डोक्यावर परिणाम झालाय? गेम उत्तर देत नाही, उलट तुमच्याच हातून काहीतरी करवून घेतो. शेवटही एक नाही. घरात तुम्ही काय करता त्यावर तो बदलतो. एकदा मी जो शेवट गाठला, तो पाहून लॅपटॉप मिटला आणि चौकात जाऊन उभा राहिलो. चहाची टपरी उघडी होती. तेवढ्यात ट्रॅक्टरची आणखी एक रांग घाट चढून आली.

दुसऱ्या भागात पडकं चर्च आणि दफनभूमी येते, भुतं वाढतात. तिसऱ्यात एक गुप्त पंथ, मोठमोठी युद्धं, सगळ्याचा उलगडा. ते उत्तम जमलं आहे, आणि पाच वर्षं वाट पाहणाऱ्यांचं समाधान झालं. पण भुतं एकदा खरी ठरली की जॉनचं ओझं हलकं होतं. शत्रू बाहेर सापडतो. मला तो पहिल्या भागातला जॉन जवळचा वाटतो, ज्याला शत्रू कुठे आहे हेच ठाऊक नाही.

असं ओझं पुरतं उतरत नाही, याला साजेशी एक गोष्ट कॅथलिक चर्चच्या शिकवणीत आहे. पाद्र्याचं पद जाऊ शकतं, अधिकार काढून घेता येतात, पण वैधपणे झालेली गुरुदीक्षा कधीच रद्द होत नाही. म्हणजे माजी पाद्री पुरता माजी कधी होतच नाही. खुंटीवरची माळ खुंटीवरच असते, पण गळ्याला तिची सवय राहते.

असा गेम आपल्याकडेही व्हायला हवा. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० साली ‘राजी’ करून दाखवला, तेव्हा इथे गेम होऊ शकतात हे सिद्ध झालंच आहे. ‘फेथ’साठी स्मिथला महागडी चित्रं लागली नाहीत, मोठा ताफा लागला नाही. बीड-अंबाजोगाईच्या कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या पोरापोरींना माझं एवढंच सांगणं आहे. आपल्या तिकटीवरचा देवऋषी अजून कुणी पडद्यावर चालवलेला नाही. त्याला हळू चालवा, हातात अंगाऱ्याची पुडी द्या, आणि त्याने सोडलेल्या त्या वाटेवर आणून उभं करा.