आकाशातील वेगमर्यादा आणि तिचे अर्थ

नकाशावर नांदेड आणि हैदराबाद हे दोन विमानतळ सरळ रेषेने जोडले, तर ती रेषा नायगावच्या परिसरावरून जाते. तेथील रस्त्यावरच्या वेगमर्यादेच्या फलकाला एकच अर्थ असतो, कारण वाहनाचा वेग जमिनीच्या हिशोबानेच मोजला जातो. आकाशात मात्र एकाच विमानाला एकाच क्षणी तीन वेग असतात. बाहेरील नळीत शिरणाऱ्या हवेच्या दाबावरून वैमानिकाच्या काट्यावर उमटतो तो दर्शित वेग, भोवतालच्या हवेतून विमान प्रत्यक्षात ज्या गतीने पुढे सरकते तो खरा वेग, आणि वाऱ्याची मदत किंवा अडथळा जमेस धरून जमिनीवर मोजला जाणारा तो भूवेग. उंचावर हवा विरळ असल्याने 10,000 फुटांवर 250 नॉट, म्हणजे ताशी 463 किलोमीटर, एवढा दर्शित वेग असलेले विमान हवेतून सुमारे 290 नॉटने जात असते, आणि पाठीमागून 40 नॉटचा वारा असेल तर त्याचा भूवेग 330 नॉटवर पोहोचतो.

हवाई वाहतूक नियंत्रकाच्या रडारवर भूवेग दिसतो, पण त्याची आज्ञा दर्शित वेगाची असते, कारण विमान हवेत तरंगते की नाही हे त्याच वेगावर ठरते. म्हणून दोन विमानांना समान आकडा दिला, तरी जे अधिक उंचीवर आहे ते जमिनीच्या हिशोबाने अधिक वेगाने पुढच्यावर येत राहते, आणि हा फरक नियंत्रकाला मनातच वजा करावा लागतो.

10,000 फुटांखाली 250 नॉट ही मर्यादा जगात बहुतेक ठिकाणी आढळते. 16 डिसेंबर 1960 रोजी न्यूयॉर्कवर दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन 134 जणांचा बळी गेला. त्यांपैकी एक विमान ठरलेल्या थांब्यापाशी फार वेगाने येऊन तो ओलांडून गेले होते, आणि अमेरिकेतील वेगाचे निर्बंध त्यानंतरच कडक झाले.

मुंबईत या प्रश्नाला विशेष धार येते, कारण तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. सर्व विमाने एकाच रांगेत येतात, आणि मागचे विमान पुढच्यापेक्षा 20 नॉटने अधिक वेगात असेल, तर दर तीन मिनिटांना एक सागरी मैल अंतर कमी होते. 27 एप्रिल 2017 रोजी उडान योजनेतील पहिल्या मार्गांत नांदेड–हैदराबादचा समावेश झाला तेव्हा त्यावर एटीआर 72 हे प्रोपेलरचे विमान उडाले, आणि पुढे ते नांदेडहून मुंबईलाही जाऊ लागले. असे विमान जेट विमानांच्या रांगेत आले की नियंत्रकाची कसोटी लागते. एटीआर मुळात हळू, पण प्रोपेलरचा अडसर मोठा असल्याने ते शेवटच्या टप्प्यात पटकन मंदावते. याउलट जेट विमानाला खाली उतरणे आणि वेग कमी करणे ही दोन्ही कामे एकाच वेळी साधत नाहीत. वेग कमी करण्याची आज्ञा उशिरा मिळाली, तर त्याला उंची सोडण्याचे काम पुढे ढकलावे लागते.

खरा गोंधळ आकड्याबाबत नसून मर्यादा कधी संपते याबाबत असतो. ‘नेहमीचा वेग घ्या’ असे नियंत्रकाने म्हटले, तर त्याने स्वतः घातलेले बंधन सुटते, परंतु हवाई क्षेत्राच्या नियमाने आलेली मर्यादा कायम राहते, आणि हे न ओळखणारा वैमानिक नकळत नियम मोडतो. अमेरिकेत धावपट्टीकडे येण्याची (अप्रोचची) परवानगी मिळाली की आधीची वेगाची आज्ञा आपोआप रद्द समजली जाते, मात्र इतरत्र तसे गृहीत धरणे धोक्याचे असते. आंतरराष्ट्रीय नियमानुसार धावपट्टीपासून चार सागरी मैलांच्या आत वेगाचे बंधन घालता येत नाही, कारण तेथे वैमानिकाला विमान स्थिर करून उतरवायचे असते. म्हणूनच ‘160 नॉट, चार मैलांपर्यंत’ अशी शेवटाचा उल्लेख असलेली आज्ञा सर्वांत निर्दोष ठरते. वैमानिक ती जशीच्या तशी परत उच्चारतो, आणि ती पाळणे शक्य नसेल तर तसे तत्काळ सांगतो, म्हणजे नियंत्रकाला मागच्या विमानासाठी वेळेतच दुसरी वाट काढता येते.