हिशेबाचा सर्व्हर जऊळक्यात बसवायचा तर

अकोला–पूर्णा रेल्वेमार्गावर वाशीमच्या अलीकडे जऊळका लागतं. मालेगाव तालुक्यातलं हे गाव; भोवती सोयाबीन आणि तुरीची शिवारं. अशा गावात कीर्द-खतावणी ठेवणारे मोजायला बसलं तर पुष्कळ निघतात: सेवा सहकारी सोसायटी, कृषी केंद्र, शेतमाल घेणारा व्यापारी, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी. हिशेब कॉम्प्युटरवर आला तरी बऱ्याचदा तो एकाच कॉम्प्युटरमध्ये, आणि तो चालवणाऱ्या एकाच माणसाच्या डोक्यात राहतो. संचालक वाशीमला, सीए अकोल्याला, माल गोदामात. सगळ्यांना एकच खातं आपापल्या जागेवरून ब्राउझरमध्ये दिसावं, गोदामातली पावती तिथंच फाडली जावी आणि ऑफिसात लगेच उमटावी, ही अपेक्षा अगदी रास्त आहे. त्यासाठी वेबवर चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं. पण या कामाभोवती इतके गैरसमज जमले आहेत की काही जण उगाच घाबरून दूर राहतात, आणि काही जण उगाच निर्धास्त होऊन उडी घेतात. दुसऱ्या प्रकारची मला जास्त काळजी वाटते.

«सोसायटीनंही स्वतःचा सर्व्हर घ्यावा»

हे आधीच मोकळं करू. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजेच सेवा सोसायट्यांच्या, संगणकीकरणाची योजना केंद्रीय मंत्रिमंडळानं २९ जून २०२२ रोजी मंजूर केली: ६३,००० संस्था, २,५१६ कोटी रुपये, पाच वर्षं. तिच्यातलं सॉफ्टवेअर देशभर एकच असून ते क्लाउडवर चालतं, आणि अंमलबजावणीची सूत्रं नाबार्डकडे आहेत. ज्या सोसायटीचं नाव या योजनेत आहे तिच्या गटसचिवानं पीककर्जाच्या खात्यांसाठी वेगळा सर्व्हर उभारू नये. एकाच कर्जाच्या दोन खतावण्या झाल्या की लेखापरीक्षणात त्यांचा मेळ घालता घालता नाकी नऊ येतात.

स्वतःच्या सर्व्हरचा विचार करायचा तो शेतकरी उत्पादक कंपनीनं, कृषी केंद्रानं, दालमिलनं, दोन-तीन ठिकाणी काटा असलेल्या व्यापाऱ्यानं. पुढचं सगळं त्यांच्यासाठी आहे.

«सर्व्हर म्हणजे एसी खोली आणि लाखांचा खर्च»

सर्व्हर हे यंत्राचं नाव नसून त्याला नेमून दिलेलं काम आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरनं मागितलेली माहिती जो देतो तो सर्व्हर. पाच-सात जणांच्या हिशेबाला आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा डेस्कटॉप पुरतो, फक्त तो त्याच कामाला वाहिलेला हवा. त्यावर कोणी सिनेमा पाहायचा नाही, कोणाचा पेनड्राइव्ह लावायचा नाही.

पैसा वाचवू नये अशी जागा एकच, यूपीएस. उन्हाळ्यात आणि वादळी पावसात लाइन जाते, आणि पावती साठवली जात असतानाच गेली तर डेटाबेस अर्धवट राहू शकतो. आजचे चांगले डेटाबेस अर्धवट व्यवहार स्वतःहून मागे घेतात, पण मायआयसॅम नावाची जुनी पद्धत ते करत नाही. जुनं सॉफ्टवेअर बसवताना ती निवडलेली नाही ना, हे पाहावं. लाइन परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावं अशी सोय बायोसच्या सेटिंगमध्ये असते. ती चालू केली नाही तर दर वेळी कोणाला तरी कुलूप उघडून आत जावं लागतं.

«वेबचं सॉफ्टवेअर म्हणजे इंटरनेट लागणारच»

हा गैरसमज जऊळक्यासारख्या गावात सगळ्यात जास्त नुकसान करतो, कारण «आमच्याकडं रेंज नाही» एवढ्यावर विषय संपतो. वेबचं सॉफ्टवेअर याचा अर्थ ते ब्राउझरमधून वापरायचं, इतकाच. सर्व्हर ऑफिसात असेल आणि गोदामापर्यंत केबल किंवा वायफाय असेल, तर इंटरनेट पूर्ण बंद असतानाही पावत्या फाटतात, खाती निघतात, ताळेबंद दिसतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८ नं सुरू होणारा पत्ता टाकायचा. तो त्या इमारतीपुरता खाजगी पत्ता असतो आणि बाहेरच्या जगातून तिथं पोचता येत नाही. इंटरनेट लागतं ते ई-वे बिल, जीएसटीचं विवरणपत्र आणि बाहेरचा बॅकअप यांसाठी, आणि ही कामं कनेक्शन आल्यावर करता येतात.

अडचण येते ती अकोल्यातल्या सीएला तोच हिशेब पाहायचा असतो तेव्हा. मोबाइलचं आणि बऱ्याच घरगुती ब्रॉडबँडचं कनेक्शन शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतं, त्यामुळे बाहेरून आपल्या सर्व्हरपर्यंत सरळ वाटच नसते. मग कोणी तरी सुचवतं की स्थिर आयपी घ्या आणि राउटरवर दार उघडून द्या. असं उघडं दार शोधत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात. त्यांना जऊळका कुठं आहे हे माहीत नसतं, त्याची गरजही नसते. ते क्रमानं प्रत्येक पत्ता ठोठावतात. बाहेरच्या माणसाला आत घ्यायचं तर व्हीपीएनमधून, म्हणजे कुलूपबंद खाजगी वाटेनं, घ्यावं. वायरगार्डसारखं व्हीपीएन मोफत आहे आणि सीएच्या लॅपटॉपवर एकदा बसवलं की पुरतं. त्यासाठी दोन्ही टोकांमध्ये सार्वजनिक पत्ता असलेला एक छोटा भाड्याचा सर्व्हर लागू शकतो. तो खर्च करावा.

सॉफ्टवेअर थेट भाड्याच्या सर्व्हरवरच बसवलं असेल तर पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस हवंच, नाही तर पासवर्ड वाटेत कोणालाही वाचता येतो. लेट्स एन्क्रिप्टकडून त्याचं प्रमाणपत्र मोफत मिळतं. ही प्रमाणपत्रं जास्तीत जास्त नव्वद दिवसांची असतात, म्हणून त्यांचं नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी.

«मोफत सॉफ्टवेअर कायद्याला चालत नाही»

कायदा कोणत्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही. ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रापे या कंपनीनं बनवलं, त्याचा सोर्स कोड खुला आहे, आणि झेरोधासारखी मोठी शेअर दलाली कंपनी ते वापरते. जीएनयूखाता हेही महाराष्ट्रातच घडलं. कृष्णकांत माने या दृष्टिहीन प्रोग्रॅमरनं त्याचं नेतृत्व केलं. म्हणजे या क्षेत्रात आपल्या माणसांचं काम आहे, आणि ते कमअस्सल नाही.

कायदा जे मागतो ते मात्र नीट समजून घेतलं पाहिजे. शेतकरी उत्पादक कंपनी चालते सहकाराच्या भावनेनं, पण तिची नोंदणी कंपनी कायद्याखाली असते आणि तिला कंपनीचे नियम लागतात. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल असणं बंधनकारक आहे: कोणती नोंद कधी बदलली याची खूण आपोआप राहिली पाहिजे, आणि ती खूण ठेवणं कोणालाही बंद करता येता कामा नये. ईआरपीनेक्स्टमध्ये सादर केलेलं व्हाउचर खोडता येत नाही. ते रद्द करून सुधारित व्हाउचर करावं लागतं आणि दोन्ही दिसत राहतात. इथवर ठीक आहे. पण सर्व्हर स्वतःचा असला की डेटाबेसचा पासवर्डही स्वतःकडे असतो, आणि तो ज्याच्याकडे आहे त्याला सॉफ्टवेअरला वळसा घालून थेट आकडा बदलता येतो. सॉफ्टवेअरच्या ट्रेलमध्ये हा बदल दिसणार नाही. म्हणून डेटाबेसच्या पातळीवरही नोंद ठेवणं चालू करावं, आणि तो पासवर्ड पावत्या करणाऱ्याकडे नसावा. लेखापरीक्षक हे विचारतात, आणि त्यांनी विचारलंच पाहिजे.

हिशेबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक असतील तर कंपनीनं त्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचा, हाही नियम आहे. ऑगस्ट २०२२च्या दुरुस्तीनं «ठरावीक काळानं» याऐवजी «रोज» असं झालं. परदेशातला स्वस्त सर्व्हर घेऊन सगळं तिथंच ठेवलं तर हा नियम मोडतो. सेवा पुरवठादाराचं नाव, आयपी पत्ता आणि ठिकाण दरवर्षी वित्तीय विवरणपत्रांसोबत रजिस्ट्रारला कळवावं लागतं. कंपनीला पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपायची असतात. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. तेवढ्या काळात सॉफ्टवेअर बदलेल, यंत्र बदलेल, बसवून देणारा मुलगा पुण्याला नोकरीला जाईल. जुनी वर्षं उघडता आली पाहिजेत ती त्यानंतरही.

«मराठी नावं टाकली की चौकोन येतात»

येतात, पण दोष मराठीचा नाही. स्क्रीनवर सभासदाचं नाव नीट दिसतं आणि छापील पावतीवर रिकामे चौकोन, असं झालं तर सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नाही असं समजावं. पीडीएफ तयार होते ती सर्व्हरवर, आपल्या कॉम्प्युटरवर नव्हे. नोटो किंवा लोहित हा मोफत फॉन्ट तिथं बसवला की पावती नीट छापते. नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर डेटाबेस युनिकोडमध्ये केलेला नाही. हे दुरुस्त करायची वेळ पहिली नोंद टाकण्यापूर्वीची. साठवताना प्रश्नचिन्ह झालेलं नाव परत मिळत नाही. जुनी सभासद यादी कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असेल तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी आणि एकेक नाव माणसानं वाचावं. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, आणि सभासदाचं आडनाव चुकलेली भागपत्रं वाटणं संस्थेला शोभत नाही.

«इन्स्टॉल झालं, काम झालं»

सरावलेला माणूस हे सॉफ्टवेअर दुपारभरात बसवतो. त्या दुपारीच काही गोष्टी सुटतात आणि वर्षअखेरीला भोवतात. सुरुवातीचा ॲडमिन पासवर्ड तसाच राहतो. फ्रंटअकाउंटिंगसारखी काही सॉफ्टवेअर बसवल्यानंतर इन्स्टॉलचं फोल्डर काढून टाकायला सांगतात, आणि ती सूचना कोणी वाचत नाही. सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर राहिलं तर ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं चालतं. एरवी फारसं जाणवत नाही, पण ३१ मार्चच्या रात्री बारानंतर केलेल्या नोंदीवर सर्व्हर ३१ मार्चचाच शिक्का मारतो, म्हणजे नव्या वर्षाची नोंद जुन्या वर्षात. घड्याळ आशिया/कोलकाता या वेळेवर आहे का, हे तपासायला मिनिटही लागत नाही.

«बॅकअप चालू आहे»

माझं सगळ्यात जास्त म्हणणं इथं आहे. बॅकअप चालू असणं आणि बॅकअपमधून हिशेब परत उभा राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिटलॅब ही जगभरातले प्रोग्रॅमर वापरतात ती कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. पाहिलं तर गरजेच्या वेळी एकही धड उपयोगी पडेना. एक बॅकअप तर आवृत्ती जुळत नसल्यानं होतच नव्हता, आणि तसं कळवणारे ईमेल पोचत नव्हते. सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी काढलेली एक प्रत हाती लागली म्हणून निभावलं. जिथं हेच काम जाणणारी माणसं पगारावर आहेत तिथं हे घडलं.

«क्लाउडवर टाकलं की चिंता नाही» हेही खरं नाही. १० मार्च २०२१ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं आणि ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते त्यांचे तेही गेले. आपल्या जवळचं उदाहरण ३१ जुलै २०२४चं. लहान बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा, हल्ला झाला, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं तिला पेमेंटच्या जाळ्यापासून तात्पुरतं तोडलं, आणि सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी सेवा सुरळीत झाली. सर्व्हर दुसऱ्याचा असला तरी तो कुठल्या तरी जमिनीवर उभा असतो आणि कुठल्या तरी माणसांच्या हाती असतो.

म्हणून तीन प्रती ठेवाव्यात. एक सर्व्हरवरची चालती; दुसरी बाहेरच्या हार्डडिस्कवर, काम झालं की सुटी करून कपाटात ठेवलेली, कारण जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर सोबतच कुलूपबंद करतं; तिसरी गावाबाहेर, भारतातल्या सर्व्हरवर, रोज रात्री जाणारी. दुहेरी डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. एकीवरून पुसलेलं दुसरीवरूनही त्याच क्षणी पुसलं जातं. आणि तीन महिन्यांतून एकदा जुन्या लॅपटॉपवर बॅकअप चढवून सॉफ्टवेअर सुरू करावं, तेरीज काढावी आणि ती चालू सर्व्हरच्या तेरजेशी पैशापर्यंत जुळते का पाहावं. हे काम संचालक मंडळाच्या इतिवृत्तात तारखेसह लिहावं. बसवून देणाऱ्याकडून सगळे पासवर्ड लेखी घेऊन बंद पाकिटात अध्यक्षांकडे ठेवावेत, आणि माणूस बदलला की तेही बदलावेत.

सुरुवात कधी करावी हे पीक ठरवतं. ऑक्टोबरात सोयाबीन येतं, जानेवारी-फेब्रुवारीत तूर. काट्यावर रांग असताना नवीन स्क्रीन समोर ठेवू नये. डिसेंबरात बसवावं, तुरीच्या हंगामात दिवसाच्या मोजक्याच पावत्या दोन्हीकडे टाकून पाहाव्यात, आणि १ एप्रिलपासून नव्यावर जावं. सुरुवातीच्या शिलका तात्पुरत्या भराव्यात. ताळेबंदावर लेखापरीक्षकाची सही झाली की त्या दुरुस्त करून जुन्या तेरजेची प्रत आणि नवी तेरीज एकत्र टाचून त्यावर त्यांची सही घ्यावी. जुनं सॉफ्टवेअर तोवर काढू नये.