अनवाणी पाऊल आणि पोटांतील जंत



पनवेल तालुक्यांत डोंगराच्या पायथ्याशीं असलेल्या एका वाडीच्या शाळेंत मीं पुष्कळ वर्षें शिकविलें. माझ्या वर्गांत एक मुलगा होता. दुपार झाली कीं तो भिंतीला टेकून पेंगावयाचा आणि कोणी पाहत नाहीं असें पाहून माती तोंडांत घालावयाचा. मीं त्याला आळशी ठरविलें व छडीही दिली. पुढें डॉक्टरांनीं त्याची पापणी खालीं ओढून पाहिली आणि ते म्हणाले, "गुरुजी, याच्या अंगांत रक्त कोठें आहे?" त्याच्या आंतड्यांत अंकुशकृमी होते. ती छडी मला आजही बोचते. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

गोड खाल्ल्यानें जंत होतात, अशी समजूत घरोघर आढळते. ती खरी नाहीं. जंत पोटांत 'होत' नाहींत. ते मातींतून येतात. गोल जंताची एक मादी दिवसाला सुमारें दोन लक्ष अंडीं घालते. परंतु तीं पोटांत उबत नाहींत. तीं विष्ठेबरोबर बाहेर पडून ओलसर, उबदार मातींत कांहीं आठवडे पक्व व्हावीं लागतात. त्यानंतर न धुतलेला हात, वाढलेलीं नखें किंवा कच्ची भाजी यांच्या द्वारें तीं पुन्हां तोंडांत जातात.

अंकुशकृमीची वाट याहून निराळी. त्याची अळी मातींत दबा धरून बसते आणि अनवाणी पायाची कातडी भेदून शरीरांत शिरते. रक्तावाटे ती फुप्फुसांत जाते, तेथून घशांत येते व गिळली जाऊन आंतड्यांत पोहोंचते. तेथें आंतड्याला चिकटून कृमी थेंबाथेंबानें रक्त शोषतो. ही वाट उमगली तीही अपघातानें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैरो येथें आर्थर लूस या जर्मन शास्त्रज्ञाच्या हातावर अळ्यांचें पाणी सांडलें. कातडीला खाज सुटली आणि कांहीं आठवड्यांनीं त्याच्याच शौचांत अंकुशकृमीचीं अंडीं सांपडलीं!

२०१५ सालापासून आपल्या देशांत राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेंत व अंगणवाडींत अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते. गोळी उत्तम आहे. परंतु ती पोट रिकामें करते, माती स्वच्छ करीत नाहीं. मूल पुन्हां त्याच मातींत अनवाणी फिरलें, तर कांहीं महिन्यांत पोट पुन्हां भरतें. म्हणून गोळीच्या जोडीला संडास, चपला व साबण हीं तिन्ही हवींत.

नवी मुंबईंतील आपल्या फरसबंद घरांत हें संकट दूरचें वाटेल. पण १९७० सालीं सिडको स्थापन झाली, तेव्हां हा सारा मुलूख गांवांचा व भातखाचरांचाच होता. आणि शेजारच्या वाड्यांवर आजही मुलें अनवाणी शाळेला जातात. आपल्या ताटांतील पालेभाजीही मातींतूनच येते. ती नीट धुवा. घरीं कामाला येणाऱ्या बाईंना सहज विचारा, "मुलाला गोळी मिळाली का? त्याच्या पायांत चपला आहेत ना?"

आणि माझ्या शिक्षकबंधूंनो, वर्गांत पेंगणाऱ्या मुलावर छडी उगारण्यापूर्वीं त्याची पापणी पाहा.