सेल्फची ‘टक्’ काय सांगते?

किल्ली फिरवावी, ‘टक्’ असा एकच आवाज यावा आणि पुढे सगळं शांत, हा अनुभव ट्रॅक्टरवाल्यांना नवा नाही. लगेच कुणीतरी निदान करतं, "बॅटरी गेली." नवी बॅटरी येते, हजारो रुपये जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच ‘टक्’. अशा वेळी बिचाऱ्या बॅटरीचा दोष नसतो. दोष असतो तिच्या आणि सेल्फच्या मध्ये बसलेल्या एका मुठीएवढ्या वस्तूचा. तिचं नाव सोलेनॉईड.

पुणे-नाशिक रस्त्यानं मोशी ओलांडून चाकणकडे निघालं, की खेड तालुक्यातलं कुरुळी लागतं. या चाकण पट्ट्यात १९९९ मध्ये बजाज ऑटोचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. एकीकडे शेत आणि ट्रॅक्टर, दुसरीकडे कारखान्यांची आवारं. मोठ्या आवारातली हिरवळ राखायला वर बसून चालवायचं गवतकापणी यंत्र वापरतात. दिसायला ट्रॅक्टरचं धाकटं भावंडच. दोघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर असलं, तरी १२ व्होल्टची बॅटरी, सेल्फ आणि सोलेनॉईड हे त्रिकूट दोघांतही सारखंच, आणि दुखणंही सारखंच.

पूर्वी इंजिन हँडल मारून सुरू करावं लागे. हँडल उलटं फिरलं, तर मनगट मोडे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा सेल्फ तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत तो बसवला गेला. पण इंजिन गरगरा फिरवायचं, तर वीजप्रवाह मोठा लागतो. लहान यंत्रालाही शंभराच्या आसपास अँपिअर आणि ट्रॅक्टरला त्याहून कितीतरी जास्त. एवढा प्रवाह किल्लीच्या नाजूक स्विचमधून नेला, तर स्विच जळून जाईल.

शेतातल्या विहिरीवरची मोटर आपण कशी चालू करतो? हिरवं बटण दाबतो, पेटीत ‘खट्’ होतं आणि मोठा प्रवाह मोटरला मिळतो. सोलेनॉईडचं काम तेच. किल्लीकडून थोडा प्रवाह आला, की आतल्या तारेच्या वेटोळ्याचं लोहचुंबक होतं. ते लोखंडी दट्ट्या ओढून घेतं. दट्ट्यावरची तांब्याची चकती दोन जाड बोल्टांना टेकते आणि बॅटरीचा प्रवाह थेट सेल्फमध्ये जातो. ट्रॅक्टरमध्ये हा दट्ट्या आणखी एक काम करतो. तो सेल्फचं छोटं दातेरी चाक पुढे सरकवून फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवतो. दर वेळी चकती टेकताना ठिणगी पडते, तांबं थोडं थोडं जळतं, वर काजळी धरते. शेवटी चकती टेकते, ‘टक्’ वाजते, पण प्रवाह पुढे जात नाही.

आता तपासणी. यंत्र सपाट जागी उभं करा. हँडब्रेक लावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, गवत कापणारी पाती बंद करा. डिझेल ट्रॅक्टरचा इंजिन बंद करायचा दांडा ओढून ठेवा, म्हणजे तपासताना इंजिन सुरू होणार नाही. आसपास मुलं नकोत.

आधी बॅटरीच बघा. मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली, १२ च्या खाली गेली तर उतरलेली. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी साठली असेल, तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन घासा. केबल सैल नाही ना, तेही बघा. बॅटरीपासून चासीला जाणारी अर्थिंगची केबल गंजली की सगळी लक्षणं सोलेनॉईडचीच दिसतात, म्हणून ती विसरू नका.

मग कान द्या. ‘टक टक टक टक’ असं भरभर वाजलं, तर बॅटरी उतरलीय किंवा जोड सैल आहे. एकच दमदार ‘टक्’ वाजली, तर संशय सोलेनॉईडवर किंवा सेल्फवर. काहीच वाजलं नाही, तर फ्यूज, किल्लीचा स्विच आणि क्लच, ब्रेक वा सीटखालचा सुरक्षा स्विच बघा. किल्ली फिरवून धरल्यावर सोलेनॉईडच्या बारीक वायरीवर टेस्ट लॅम्प पेटतो, तरीही आवाज नाही, याचा अर्थ आतलं वेटोळं जळालं किंवा त्याला अर्थिंग मिळत नाही.

एकच ‘टक्’ येत असेल, तर मल्टिमीटरच्या दोन टोच्या सोलेनॉईडच्या दोन जाड बोल्टांवर ठेवा. सुरुवातीला साधारण १२ व्होल्ट दिसतील. दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगा. आकडा जवळजवळ शून्यावर आला, तर सोलेनॉईड ठीक, पुढे सेल्फ बघा. ‘टक्’ वाजूनही आकडा १२ च्या जवळच अडून बसला, तर गुन्हेगार सापडला.

आता सर्वांत महत्त्वाचं. पुष्कळ जण ही तपासणी न करता जमिनीवर उभं राहून दोन बोल्टांवर स्क्रू ड्रायव्हर आडवा टेकवतात. सेल्फ फिरतो, इंजिन सुरू होतं आणि हीच सवय लागते. पण स्क्रू ड्रायव्हर सगळ्या सुरक्षा स्विचना वळसा घालतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल, तर इंजिन सुरू होताच तो पुढे सरकतो, आणि माणूस नेमका मोठ्या चाकाच्या वाटेत उभा असतो. जगभर शेतकरी असे आपल्याच ट्रॅक्टरखाली सापडले आहेत. शिवाय बॅटरीतून निघणारा वायू स्फोटक असतो, त्याच्याजवळ ठिणगी नको. काही शे रुपये वाचवायला जीव पणाला लावू नये.

बदलणं अवघड नाही. किल्ली काढा आणि बॅटरीची ऋण केबल सर्वांत आधी सोडवा. कुठली वायर कुठे, याचा मोबाईलवर फोटो काढा. जुना सोलेनॉईड दुकानात सोबत न्या. व्होल्ट, बोल्टांची संख्या आणि आकार तंतोतंत जुळायला हवा. छोट्या यंत्रातल्या तीन टर्मिनलच्या सोलेनॉईडला अर्थिंग पत्र्यातून मिळतं, म्हणून बसवायची जागा घासून रंग काढा. नट आवळताना बोल्ट फिरू देऊ नका, नाहीतर आतला जोड तुटतो. ऋण केबल सर्वांत शेवटी जोडा. ट्रॅक्टरचा सोलेनॉईड सेल्फच्या अंगावरच असतो. तो काढायची सवय नसेल, तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, मात्र आपण काय तपासलं ते त्याला सांगा.

कधी उलटंही होतं. आतली चकती चिकटून बसते आणि किल्ली बंद केली तरी सेल्फ फिरतच राहतो. घाबरू नका, ताबडतोब बॅटरीची ऋण केबल ओढून काढा. त्यासाठी लागणारा पाना सीटखाली कायम ठेवा.