घरचा पहारेकरी

एका नाताळच्या सुटींत आम्ही सहकुटुंब गांवीं गेलों असतां आमच्या पडवींतून सायकल नाहींशी झाली. सायकल कांहीं नवी नव्हती. तिच्या कुरकुरण्यावरून आम्ही शाळेंत येत असल्याची वर्दी वर्गाला दोन मिनिटें आधींच मिळत असे. परंतु परत आल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे ज्या नजरेनें आमचें मन पाहूं लागलें, ती नजर आम्हांस सायकलीच्या नुकसानीपेक्षां अधिक बोंचली. कोणीं नेली हें ठाऊक नसलें कीं सर्वांवरच संशय येतो. म्हणून घराला कॅमेरे बसवावयाचें ठरलें. कारागीर न बोलावितां नववी-दहावींतील तीन विद्यार्थ्यांना हाताशीं घेऊन तें काम आम्हीं स्वतःच केलें. त्यांत ज्या चुका झाल्या व जें शिकावयास मिळालें, तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों. विद्यार्थ्यांच्या पालकांनाहि त्याचा उपयोग होईल अशी आशा आहे.

घराच्या दाराशीं कॅमेरा बसवून आंतून पाहण्याची कल्पना मूळची एका परिचारिकेची. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागांत राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या बाईंना अवेळीं घरीं एकटें राहावें लागे, आणि पोलिसांस बोलाविलें तरी त्यांना येण्यास उशीर होई. त्यांनीं आपले पति आल्बर्ट ब्राऊन यांच्या साहाय्यानें एक योजना आंखली, १९६६ सालीं तिच्या पेटंटसाठीं अर्ज केला, आणि १९६९ च्या डिसेंबरांत तें त्यांस मिळालें. दाराला निरनिराळ्या उंचीवर चार छिद्रें, त्यांच्यामागें वरखालीं सरकणारा कॅमेरा, आंत चित्र दाखविणारा पडदा, बाहेर उभ्या असलेल्या माणसाशीं बोलण्याची सोय, आणि बटन दाबून दार उघडण्याची किंवा धोक्याची सूचना देण्याची व्यवस्था, एवढें सगळें त्यांत होतें. त्या बाईंच्या मनांत प्रश्न एकच होता: दाराबाहेर कोण उभें आहे? बाकी सर्व रचना त्या प्रश्नाच्या उत्तरासाठीं झाली.

आमचें नेमकें याच ठिकाणीं चुकलें. कोणता प्रश्न विचारावयाचा हें न ठरवितांच आम्हीं कॅमेरा आणला, आणि जितका उंच तितका चांगला अशा समजुतीनें छपराच्या कोपऱ्याला अडकविला. मोबाईलवर चित्र पाहतांच मुलांनीं टाळ्या पिटल्या. अंगण, फाटक, बोळ, पलीकडचें पिंपळाचें झाड, सारें एका नजरेंत! मग एका विद्यार्थ्याला टोपी घालून फाटकांतून आंत येण्यास सांगितलें, आणि तें चित्रण त्याच्या आईला दाखविलें. त्या माउलीला आपला मुलगा ओळखतां आला नाहीं. दिसली ती फक्त टोपी.

असें कां झालें हें गणितानें चटकन् उलगडतें. आमच्या कॅमेऱ्याचें चित्र आडवें १९२० व उभें १०८० बिंदूंचें आहे. दृश्य कितीहि रुंद असो, आडवे बिंदु तेवढेच. रुंदी वाढली कीं प्रत्येकाच्या वांट्याला बिंदु कमी येतात. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाच्या २०१४ सालच्या मानकांत असें धरलें होतें कीं, ओळखीचा माणूस ओळखूं येण्यास दृश्याच्या दर मीटर रुंदीला १२५ बिंदु हवेत, आणि अनोळखी माणसाची ओळख निःसंशय पटण्यास २५० हवेत. आतां १९२० ला २५० नें भागिलें म्हणजे रुंदी साडेसात मीटरांहून थोडी अधिक येते. आमच्या भिंगाचा दृष्टिकोन सुमारें १०० अंशांचा. त्याच्या अर्ध्या कोनाची, म्हणजे ५० अंशांची, टॅन किंमत १.१९, ती दुप्पट करून अंतरानें गुणली कीं त्या अंतरावरील दृश्याची रुंदी निघते. दहावीच्या मुलांनीं ही रीत उलट फिरवून उत्तर काढलें: ३.२ मीटर! म्हणजे आमचा सर्वसाक्षी पहारेकरी पुरत्या चार पावलांपलीकडे परक्याचा चेहरा ओळखण्याजोगा दाखवूं शकत नव्हता. आमचें फाटक सात मीटर दूर. तेथें दर मीटरला जेमतेम ११५ बिंदु पडत होते. त्यांत उंचीची भर. वरून पाहणाऱ्याला माणसाचे डोळे-नाक दिसत नाहींत, डोकें दिसतें. सुमारें अडीच-तीन मीटर उंची पुरेशी होते; चोराचा हात सहज पोंचत नाहीं, आणि चेहराहि दिसतो.

याच सुमारास समोरच्या काकू एके सकाळीं फाटकाशीं आल्या आणि जरा अवघडून म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या त्या डोळ्याला आमची मोरी दिसते काय हो?" आम्हीं हंसून नाहीं म्हणणार होतों. परंतु मोबाईल काढून त्यांच्यासमोरच पाहिलें, तों चित्राच्या उजव्या कडेला त्यांच्या मागल्या अंगणांतील उघडी मोरी, बादली व वाळत घातलेलें लुगडें स्वच्छ दिसत होतें. चार दिवस आम्ही, आमची मुलें व ते तीन विद्यार्थी ती कडा पाहत होतों, आणि कोणाच्याच तें ध्यानांत आलें नव्हतें. आम्हांस फार ओशाळवाणें वाटलें. जें पाहावयाचें तें दिसेना, आणि जें पाहूं नये तें मात्र दिसे, अशी आमच्या यंत्राची अवस्था होती.

दोन्ही दोषांवर उपाय एकच निघाला. तो कॅमेरा उतरवून पडवीच्या दारावर लावला, जेथें दोन-तीन मीटरांतच माणूस समोर येतो. आणि फाटकासाठीं अरुंद दृष्टीचा, सुमारें ५० अंशांच्या भिंगाचा, दुसरा घेतला. सात मीटरांवर त्याचें दृश्य साडेसहा मीटर रुंद पडतें, आणि दर मीटरला २९० च्या वर बिंदु मिळतात. चेहरा स्पष्ट आला व मोरी दृश्याबाहेर गेली. बोळाचा जो तुकडा तरीहि उरला, त्यावर यंत्रांतच काळी पट्टी आंखली. अशी सोय पुष्कळ कॅमेऱ्यांत असते, आणि झांकलेला भाग सांठवलाहि जात नाहीं. मग काकूंना बोलावून दोन्ही चित्रें दाखविलीं. त्यांनीं मोबाईल हातांत घेऊन बराच वेळ पाहिला, आणि "बरं" एवढेंच म्हणाल्या.

दुसऱ्याच्या घरांत डोकावूं नये ही शिकवण जुनीच. पण तिला आतां कायद्याचेंहि पाठबळ आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें निर्णय दिला कीं, माणसाचें खासगीपण हा त्याचा मूलभूत हक्क आहे. हा विचार घराच्या आंतहि लागू पडतो. निजण्याच्या खोलींत कॅमेरा असूं नये. घरकामास येणाऱ्या बाईंना तो कोठें आहे हें आधीं सांगावें. आणि कॅमेऱ्यांतील ध्वनिग्राहक, विशेष कारण नसेल तर, बंदच ठेवावा. आजोबा पडवींत बसून कोणाशीं काय बोलतात हें सांठवून ठेवण्याचें आपणांस काय प्रयोजन? "येथें कॅमेरा आहे" अशी पाटी आम्हीं फाटकावर लावली आहे. चोराला सावध केल्यासारखें होतें असें कांहींजण म्हणतात. आम्हांस तो सावध होऊन परत गेलेला चालेल.

आतां जोडणीविषयीं. भिंतीला भोंक पाडण्यापूर्वी मोबाईल हातांत धरून, स्टुलावर उभें राहून, नियोजित जागेवरून चित्र घेऊन पाहावें. सकाळीं एकदां, सायंकाळीं एकदां. पूर्वेकडे तोंड असलेला कॅमेरा सूर्योदयास आंधळा होतो, व येणारा माणूस नुसता काळ्या सावलीसारखा दिसतो. त्याच वेळीं तेथें वायफाय पोंचतें कीं नाहीं तेंहि कळतें. जुन्या दगडी भिंती या लहरींना फार अडवितात. २.४ गिगाहर्ट्झची लहर ५ गिगाहर्ट्झच्या लहरीपेक्षां भिंतीतून बरी जाते, आणि पुष्कळ स्वस्त कॅमेरे तीच वापरतात. तरीहि जेथें तार नेणें शक्य आहे तेथें तारच न्यावी, असें आमचें मत झालें आहे. नेटवर्कच्या एकाच तारेंतून चित्र व वीज दोन्ही वाहून नेण्याची पद्धत २००३ सालापासून प्रमाणित आहे, व अशी तार १०० मीटरपर्यंत चालते. विजेचें काम मात्र मुलांनीं मोठ्यांच्या देखरेखीखेरीज करूं नये.

वीज गेली कीं पहारेकरी निजतो. म्हणून कॅमेरे व राउटर या दोहोंनाहि लहानसा यूपीएस हवा. आम्हीं तो प्रथम फक्त कॅमेऱ्यांना लावला; राउटर बंद पडल्यामुळें घड्याळ जुळेनासें झालें, आणि एका रात्रीचें सगळें चित्रण भलत्याच तारखेचें निघालें. चूक तारखेची साक्ष कोण मानील?

रात्रीं हे कॅमेरे आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा उपयोग करतात. ८५० नॅनोमीटरचे दिवे किंचित् लालसर दिसतात व दूरवर पोंचतात; ९४० चे मुळींच दिसत नाहींत, पण त्यांचा पल्ला कमी. खिडकीच्या काचेआड कॅमेरा ठेवल्यास हा प्रकाश काचेवरून परतून चित्र पांढरें फटक होतें. आम्हीं हेंहि करून पाहिलें आहे.

सांठवणीचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला २ मेगाबिट या वेगानें चित्र येत असेल, तर आठांनीं भागून पाव मेगाबाइट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाला २१.६ गिगाबाइट. १२८ चें कार्ड सहा दिवसांच्या आंत भरतें, आणि मग सर्वांत जुनें पुसून नवें लिहिलें जातें. दोन कॅमेरे व पंधरा दिवस धरले तर ६४८ गिगाबाइट. म्हणून आम्हीं एक टेराबाइटची डिस्क रेकॉर्डरमध्यें घातली. एवढ्यांत भागतें याचें कारण यंत्राची काटकसर. तें प्रत्येक चित्र पुरें लिहीत नाहीं. अधूनमधून एक पूर्ण चित्र लिहितें, व मध्यें काय बदललें तेवढेंच टिपतें, जसा आळशी विद्यार्थी "मागील पानाप्रमाणें" असें लिहून मोकळा होतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुष्कळजण शेवटीं करतात, किंवा करीतच नाहींत. कॅमेरा कोणाकडे पाहतो हें आपण पाहिलें. पण त्याच्यांतून कोण पाहतो? कारखान्यांतून आलेला पासवर्ड तसाच ठेवणें म्हणजे कुलुपाला किल्ली लटकवून गांवाला जाणें. २०१६ सालीं मिराई नांवाच्या एका प्रोग्रामानें कारखान्याच्या सुमारें साठ नांव-पासवर्डांची यादी घेऊन जगभरचे लक्षावधि कॅमेरे, राउटर व रेकॉर्डर आपल्या ताब्यांत घेतले. त्या वर्षीं २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या सैन्यानें डाइन या कंपनीवर मागण्यांचा एवढा मारा केला कीं, अमेरिकेंत ट्विटर व नेटफ्लिक्ससारखीं संकेतस्थळें कित्येक तास नीट उघडेनात. मालकांना कांहींच कळलें नाहीं. त्यांचा कॅमेरा दिवाणखान्यांत शांतपणें उभाच होता. मिराई लिहिणारे तीन तरुण विशीच्या आसपासचे होते, व त्यांनीं २०१७ सालीं न्यायालयांत गुन्हा कबूल केला.

म्हणून खोक्यांतून काढल्याबरोबर पासवर्ड बदलावा. तो लांब असावा, आणि घरांतील इतर कोठल्याहि पासवर्डासारखा नसावा. कंपनीनें सुधारलेला प्रोग्राम पाठविला कीं तो घालावा. राउटरमध्यें "गेस्ट" नांवाचें वेगळें जाळें करतां येतें. वायफायचे कॅमेरे त्यावर ठेवल्यास एखादा फितूर झाला तरी घरच्या संगणकापर्यंत त्याचा हात सहसा पोंचत नाहीं. ज्यांना आपलें चित्रण परक्या कंपनीच्या भांडारांत जाऊं द्यावयाचें नसेल, त्यांनीं असा कॅमेरा निवडावा कीं जो इंटरनेटवांचूनहि घरच्या डिस्कवर लिहितो. विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला हें स्पष्ट विचारावें. आमच्या दुकानदाराला त्याचें उत्तर ठाऊक नव्हतें.

चोरी झालीच तर पहिलें काम चित्रण वेगळें उतरवून घेण्याचें, नाहींतर कांहीं दिवसांनीं तें आपोआप पुसलें जाईल. मूळ कार्ड किंवा डिस्क तशीच जपावी. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणें अशा चित्रणाबरोबर न्यायालयांत प्रमाणपत्र जोडावें लागतें.

आमची सायकल कांहीं मिळाली नाहीं. कॅमेरे बसल्यापासून चोरहि आलेला नाहीं. मध्यंतरीं मात्र एका रात्रींत मोबाईलवर "हालचाल आढळली" अशा बासष्ट सूचना आल्या. आम्ही काठी घेऊन दोनदां बाहेर गेलों. अंगणांत चिटपांखरूंहि नव्हतें. सकाळीं एक विद्यार्थी स्टुलावर चढला, तों भिंगासमोर एका कोळ्यानें सुरेख जाळें विणलेलें! भिंगापुढें किडे येतात, किड्यांसाठीं कोळी येतो, आणि प्रत्येक झोक्याला यंत्र आम्हांस उठवितें. तेव्हांपासून दर शनिवारीं शाळा सुटल्यावर तो मुलगा मऊ फडकें घेऊन येतो व दोन्ही भिंगें पुसून जातो. कोळी सोमवारपर्यंत पुन्हां हजर असतो.