वैद्य कोणाचा, निवड कोणाची?

नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यांतील विसरवाडी हें धुळें-सुरत महामार्गावरील गांव. शहराच्या मानानें तेथें वैद्यकीय सोयी थोड्या. तरी दुखण्यांत कोठें जावें हें माणसास स्वतः ठरवितां येतें. कोणी गांवच्या ग्रामीण रुग्णालयांत जातो, कोणी चिंचपाड्याच्या मिशन रुग्णालयाची वाट धरतो, कोणी नंदुरबार गांठतो. ज्याच्यापाशीं मावची बोलींत मोकळेपणानें बोलतां येईल, तोच तेथील एखाद्या आजीचा डॉक्टर.

आतां समजा, मुलें नोकरीनिमित्त पुण्यास गेलीं, घरास कुलूप लागलें आणि या आजीस शहरांतील वृद्धाश्रमांत राहावें लागलें. तेथें खोली स्वच्छ आहे, जेवण वेळेवर आहे, आठवड्यास डॉक्टरही येतात. परंतु आपला डॉक्टर कोण असावा, हें तिला कोणींच विचारलेलें नसतें. घर सोडलें म्हणून नाडी कोणाच्या हातीं द्यावी हें ठरविण्याचा अधिकारही तिनें सोडला काय?

हा प्रश्न आपल्या स्त्रियांस नवा नाहीं. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी यांनीं बंगालमधील श्रीरामपूर येथें भाषण करून हिंदु स्त्री-डॉक्टरांची निकड सांगितली. डॉ. रखमाबाई यांनीं १८९५ पासून त्याच सुरतेंत अनेक वर्षें स्त्रियांची सेवा केली. परक्या पुरुषास दुखणें सांगण्यापेक्षां तें अंगावर काढणाऱ्या स्त्रिया त्या काळीं थोड्या नव्हत्या. विश्वासाचा वैद्य मिळणें हा उपचाराचाच भाग आहे.

अमेरिकेंत १९८७ च्या कायद्यानें शुश्रूषागृहांतील रहिवाशांस आपला डॉक्टर निवडण्याचा हक्क दिला. आपल्याकडील २००७ चा ज्येष्ठ नागरिकांविषयींचा कायदा जिल्ह्याजिल्ह्यांत निराधार वृद्धांसाठीं आश्रम असावेत आणि सरकारी रुग्णालयांत त्यांस खाटा मिळाव्यात असें सांगतो. डॉक्टरच्या निवडीविषयीं मात्र तो मुका आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या सनदेंत दुसऱ्या डॉक्टरचें मत घेण्याचा रुग्णाचा हक्क आहे. आश्रमांच्या नियमावलींत निदान एवढें तरी उतरावयास हवें.

संस्थाचालकांची अडचणही खरी आहे. पन्नास रहिवाशांचे पन्नास डॉक्टर आले तर टिपणें कोणी ठेवावीं? दोघांनीं परस्परांस न कळवितां दिलेलीं औषधें एकमेकांस बाधूं शकतात. मध्यरात्रीं छातींत कळ आली तर निवडीचा घोळ घालीत बसतां येत नाहीं. तेव्हां जो जवळ तोच डॉक्टर. एरवीं मात्र बाहेरच्या डॉक्टरनें आपलें औषध संस्थेच्या वहींत लिहावें आणि त्याचें शुल्क कुटुंबानें द्यावें, इतकें ठरलें तर पुष्कळसा गोंधळ टळतो. शिवाय २०२० पासून दूरध्वनीवरून सल्ला देण्याविषयीं अधिकृत मार्गदर्शक नियम झालेले आहेत. पुण्यांत बसूनही आजीस विसरवाडीकडच्या डॉक्टरशीं आपल्या बोलींत बोलतां येईल.

परंतु या मार्गांतील मोठा अडथळा आश्रमाचा नाहीं, आपला आहे. एकत्र कुटुंबांत तरी सासूबाईंचा डॉक्टर कोण ठरवितो? मुलगा ठरवितो, जांवई सुचवितो, सून वेळ घेते. ज्यांचें शरीर, त्यांस शेवटीं कळतें. २००८ सालीं समीरा कोहली यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, सज्ञान व जाणत्या रुग्णाच्या संमतीऐवजीं, तातडीचा धोका नसतां, आईची संमतिही पुरत नाहीं. मग मुलाची कशी पुरेल?

तेव्हां वाचकहो, आश्रमाच्या कागदावर सही करण्यापूर्वीं चालकांस विचारावें कीं, येथें बाहेरचा डॉक्टर येऊं शकतो काय, आणि रुग्णाचीं टिपणें मागतांच मिळतात काय? आणि त्याच्याही आधीं, घरांतील माजघरांत बसून, ज्यांस तेथें राहावयाचें आहे त्यांस विचारावें : "तुम्हांला कोण हवा?" उत्तर येण्यास वेळ लागेल. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांस कोणीं विचारलेलाच नसेल.